अ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी

आमच्या भागात गाडीचं ‘मायलेज’ फारसं कोणी विचारत नाही. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ असं विचारतात. जुन्नरच्या एसटी स्टँडबाहेर, नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला, मंचरच्या चहाच्या टपरीवर, वलीम्याच्या दस्तरख्वानावर, कुठेही नव्या गाडीचा विषय निघाला की दुसरा प्रश्न हाच असतो. पहिला किमतीचा. भाषा शिकवणाऱ्या माणसाला असे शब्द आवडतात. इंग्रजीतल्या या शब्दाचा अर्थ सरासरी, आणि आपण तो थेट ‘लिटरला किती किलोमीटर’ या अर्थाने वापरायला लागलो. गंमत अशी की ज्या गोष्टीला आपण सरासरी म्हणतो, तिची सरासरी कोणीच काढत नाही. एका फेरीचा आकडा सांगतात, आणि तोही आजवरचा सगळ्यात चांगला.

गेली काही वर्षं या गप्पांमध्ये एक वाक्य वारंवार कानावर येतं. ‘फिल्टर बदलला, अ‍ॅव्हरेज तीनने वाढलं.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉनेट उघडलं की एक काळा प्लास्टिकचा डबा दिसतो. त्यात कागदी एअर फिल्टर असतो आणि त्यातून गाळलेली हवा इंजिनात जाते. हा डबा काढून टाकायचा आणि त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि जाड पाइप बसवायचा, असा हा प्रकार आहे. दोन-अडीच हजारांपासून सुरुवात, पुढे खिशाप्रमाणे. विकणारा सांगतो की कंपनीने इंजिनाचा गळा आवळून ठेवलाय, तो मोकळा केला की हवा जास्त जाईल, पेट्रोल पुरतं जळेल आणि अ‍ॅव्हरेज वाढेल. ऐकायला पटतं. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत मात्र ते खरं नाही, आणि का नाही हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी स्वतः उर्दू आणि मराठी शिकवतो.

हौशी पोरं हा फिल्टर बसवतात ती आवाजासाठी. रेस दिली की गाडी गुरगुरते, बस. त्यांच्याशी माझा वाद नाही. मला काळजी वाटते ती टुरिस्ट गाडी चालवणाऱ्यांची. लेण्याद्री-ओझरला अष्टविनायकाचे यात्रेकरू नेणारे, भीमाशंकरच्या फेऱ्या मारणारे, पुण्याला दवाखान्यात पेशंट घेऊन जाणारे. गाडी हप्त्यावर घेतलेली असते. त्यांचा हिशेब मांडून बघा. महिन्याला २५०० किलोमीटर, लिटरला १८ किलोमीटर, म्हणजे साधारण १३९ लिटर पेट्रोल. सोयीसाठी लिटरला १०५ रुपये धरले तर साडेचौदा हजारांच्या वर खर्च. आता १८ चे २१ झाले तर लागतील ११९ लिटर. म्हणजे महिन्याला २००० रुपये वाचले. चार हजारांचा फिल्टर दोन महिन्यांत फिटला आणि त्यानंतर सगळी बरकतच बरकत! या हिशेबात बेरीज-वजाबाकीची चूक कुठेही नाही. फक्त ‘१८ चे २१’ हे गृहीत खोटं आहे. आणि हिशेबी माणूसच यात फसतो, कारण त्याला दोन हजारांची किंमत कळते.

एक गोष्ट मात्र आधी मान्य करू. जुने मिस्त्री जे सांगत आले ते त्यांच्या काळात खरं होतं. कार्बोरेटरच्या गाड्यांमध्ये, म्हणजे पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, जुनी मारुती ८००, हवेच्या ओढीवर पेट्रोल खेचलं जायचं. फिल्टर धुळीने तुंबला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त असं मिश्रण व्हायचं. सायलेन्सर काळा पडायचा, पेट्रोलचा वास यायचा, अ‍ॅव्हरेज पडायचं. उस्ताद फिल्टर झटकायचा, स्क्रूड्रायव्हरने कार्बोरेटर ‘सेट’ करायचा, कान लावून इंजिनाचा सूर ऐकायचा आणि गाडी खरोखर सुधारायची. त्या कानांची मी इज्जत करतो. ते ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेलं नव्हतं.

पण २००० सालाच्या सुमारास मारुती ८०० सारख्या साध्या गाडीलाही फ्युएल इंजेक्शन आलं. गाडीच्या मागे ‘एमपीएफआय’ अशी अक्षरं मिरवायचे, आठवत असेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं तेव्हा नव्या मोटारसायकलींमधूनही कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. आत येणाऱ्या हवेचा अंदाज एक सेन्सर देतो. बाहेर जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते सायलेन्सरच्या वाटेवरचा दुसरा सेन्सर सांगतो. त्यावरून कॉम्प्युटर सेकंदाला कित्येक वेळा माप सुधारत राहतो. माप ठरलेलं आहे: १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा.

या एका आकड्यात अर्ध्याहून अधिक उत्तर आलं. हवा जास्त आत गेली की कॉम्प्युटर त्याच प्रमाणात पेट्रोलही जास्त सोडतो. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, हे रेस पूर्ण दाबलेली असताना थोडंफार खरं. पण जास्त हवा म्हणजे कमी पेट्रोल, हे गणित कुठल्याच बाजूने जुळत नाही. आणि ‘पेट्रोल पुरतं जळत नाही’ हेही आता तसं उरलेलं नाही. चांगल्या स्थितीतल्या इंजिनात जवळपास सगळंच पेट्रोल सिलिंडरमध्ये जळतं. ते जळून निघालेली उष्णता मात्र रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर जाते, आणि चाकांपर्यंत जेमतेम पाव भाग पोहोचतो. त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर फिल्टरचा काय इलाज?

राहिलेलं उत्तर शेतकऱ्याला लगेच समजेल. येडगाव किंवा डिंभ्याच्या पाण्यावर बागायत करणाऱ्या माणसाने पिकाला पाणी कमी हवं म्हणून ड्रिपचा व्हॉल्व्ह चिमूटभर उघडा ठेवलाय. अशा वेळी कोणी येऊन सांगितलं, ‘काका, विहिरीपासूनची अडीच इंची पाइपलाइन काढून चार इंची टाका, पाणी मोकळं येईल,’ तर काका काय म्हणतील? पाणी अडवतोय तो व्हॉल्व्ह, आणि तो मुद्दाम कमी उघडलेला आहे. पेट्रोल इंजिनात असाच एक व्हॉल्व्ह असतो. त्याला थ्रॉटल म्हणतात आणि तो तुमच्या उजव्या पायाच्या हुकमात चालतो. नारायणगाव ते मंचर सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना तो थोडासाच उघडा असतो. हवेची मुख्य अडचण तिथे असते आणि ती तुम्हीच घातलेली असते. मागचा फिल्टर कागदाचा असो की शंकूचा, त्या वेगाला लागणारी हवा तेवढीच आणि पेट्रोलही तेवढंच. फिल्टर जरा जास्त मोकळा असेल तर पाय नकळत केसभर मागे येईल, इतकंच.

याची चाचणी झालेली आहे. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला, तोही उलट बाजूने. नव्या फिल्टरशेजारी त्यांनी तुंबलेला फिल्टर लावून बघितला. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये इंधनाच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो पिकअपमध्ये. स्वच्छ फिल्टर लावला की वेग धरायला लागणारा वेळ ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र फिल्टर बदलल्याने नेहमीच्या परिस्थितीत २ ते ६ टक्के इंधन वाचतं, असं तिथलं ऊर्जा खातं सांगतं. म्हणजे उस्तादांचं खरं, पण त्या गाड्यांपुरतं. आता विचार करा, गच्च तुंबलेला फिल्टर काढूनही जिथे अ‍ॅव्हरेज हलत नाही, तिथे कंपनीचा चांगला फिल्टर काढून उघडा लावल्याने ते तीनने कसं वाढणार?

इथवर फक्त ‘फायदा नाही’ एवढंच झालं. पण आपल्या तालुक्यांत तोटाही आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ११ किलो हवा लागते. मापात सांगायचं तर नऊ-दहा हजार लिटर, म्हणजे फवारणीला वापरतो त्या दोनशे लिटरच्या पिंपांनी मोजली तर पंचेचाळीस-पन्नास पिंपं. एका लिटरला! आता ही हवा कुठली ते बघा. गळीत हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही साखर कारखान्यांच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या दिवसरात्र चालतात आणि कडेचा मुरूम पिठासारखा उडतो. उन्हाळ्यात आदिवासी पट्ट्यातल्या वाड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते आठवा. ही धूळ म्हणजे दगडाचा बारीक चुरा. तो सिलिंडरमध्ये गेला की पॉलिश पेपरचं काम करतो. रिंग झिजतात, ऑइल खायला लागते, कॉम्प्रेशन कमी होतं. कंपनीचा कागदी फिल्टर हवा थोडी अडवतो याचं कारण तो बारीक धूळही अडवतो. ‘जास्त मोकळा’ याचा अर्थ पुष्कळदा ‘जास्त सैल विणीचा’ असा निघतो, विशेषतः स्वस्तातल्या मालात. कापडी फिल्टरला तेल लावावं लागतं. ते जास्त झालं आणि गाडीत हवा मोजणारा तारेचा सेन्सर असला, तर त्या तारेवर थर बसतो आणि माप चुकायला लागतं. झालं, आता अ‍ॅव्हरेज खरोखरच हलेल. कुठल्या दिशेने, ते सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. कंपनीचा डबा बहुतेक वेळा पुढच्या जाळीजवळून, बाहेरची हवा घेतो. डबा काढून उघडा फिल्टर इंजिनाशेजारी लावला की तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, म्हणून ताकद उलट घटते. आणि थंड हवा मिळावी म्हणून पाइप खाली बंपरपर्यंत नेला तर आपल्याकडच्या पावसात काय होईल? मढ, माळशेजकडे जुलैमध्ये रस्त्यावरून ओढे वाहतात. तोंड खाली असलेल्या पाइपने एकदा पाणी ओढलं की संपलं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पिस्टन वर येताना मध्ये पाणी आलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते किती टुरिस्ट गाड्यांनी घेतलेलं असतं?

डिझेलचं थोडं वेगळं आहे, म्हणून तेही सांगून टाकतो. पिकअप, बोलेरो, ट्रॅक्टर यांच्या इंजिनात पेट्रोलसारखं हवेचं ठरलेलं माप नसतं. हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त जाते आणि पाय फक्त डिझेल कमी-जास्त करतो. तिथे फिल्टर फारच तुंबला तर काळा धूर येतो, ताकद पडते आणि डिझेलही थोडं जास्त जातं. त्यामुळे पिकअपचा फिल्टर वेळेवर साफ करणं किंवा बदलणं हे शहाणपणाचं काम आहे. पण कंपनीचा साफ फिल्टर पुरेशी हवा देतच असतो. त्याहून मोकळा करून हाती काही लागत नाही. आणि भाजीपाला घेऊन बांधाबांधाने फिरणाऱ्या गाडीला उघडा फिल्टर लावणं म्हणजे तर धुळीला दावत.

मग लोकांना ‘फरक पडला’ असं का वाटतं? ते खोटं बोलत नाहीत. जुना फिल्टर काढतात त्याच दिवशी गाडीचं सर्व्हिसिंगही होतं, ऑइल बदलतं, प्लग बदलतात, टायरमध्ये हवा भरली जाते. त्या सगळ्याचं श्रेय चकचकीत फिल्टरला जातं. नव्या आवाजाने थोडी जाणीवही येते आणि चार दिवस माणूस बेताने चालवतो. शिवाय चार हजार घातलेत म्हटल्यावर फायदा झालाच पाहिजे, हे मन आधीच ठरवून बसलेलं असतं. उर्दूत ‘हवा’ म्हणजे वारा, आणि हुबेहूब तोच उच्चार असलेला ‘हवा’ म्हणजे मनाची ओढ, नफ्सची इच्छा. मराठीत ‘मला हवा’ म्हणतो आणि एखाद्याचा गवगवा झाला की ‘त्याची हवा आहे’ असंही म्हणतो. या फिल्टरमधून हे सगळे अर्थ एकदम वाहतात.

पण सगळ्यात जास्त फसवते ती एकाच फेरीची मोजणी. मला एका ड्रायव्हरने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘सर, कल्याणला जाताना वीसच्या वर दिलं.’ दिलं असेलच. जुन्नर समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे आणि कल्याण जवळजवळ समुद्राच्या पातळीला. माणसं धरून तेराशे किलोची गाडी माळशेज घाटातून एवढी उंची उतरते. तेवढी उंची चढवायला इंजिनाला जवळपास एक लिटर पेट्रोल जास्त जाळावं लागतं. उतरताना थोडा भाग ब्रेकमध्ये जातो, तरी अर्धा-पाऊण लिटर वाचतं. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासात एरवी साडेसहा लिटर लागत असेल, तर त्यातून पाऊण लिटर गेलं की अठराचे वीस झालेच. येताना तीच गाडी सोळा देईल. ते सोळा कोणी चहाच्या टपरीवर सांगत नाही. घाट फुकटात दोन किलोमीटर वाढवतो आणि परत घेतो. फिल्टर मध्ये फक्त बसलेला असतो.

टाकी फुल करण्याचंही तसंच. पंपावर गाडी किंचित तिरकी उभी राहिली, नोझल लवकर बंद झालं की एखादा लिटर इकडे-तिकडे होतो. वीस लिटरमध्ये एक लिटर म्हणजे पाच टक्के. अठराचे जवळपास एकोणीस, काहीही न बदलता. म्हणून खरंच मोजायचं असेल तर सरासरीच काढावी लागेल. एकच पंप, शक्यतो तोच नोझल, गाडी त्याच जागी, पहिल्यांदा बंद झालं की थांबायचं, वर थेंबभरही नाही. जाणं-येणं दोन्ही मोजायचं. टायरची हवा दर वेळी सारखी. असं कमीत कमी तीन-चार टाक्या जुन्या फिल्टरवर आणि तीन-चार नव्यावर, वहीत तारखेसह लिहायचं. माझ्या मते यात आणखी एक गोष्ट हवी: फिल्टर कोणता लावलाय ते चालवणाऱ्याला ठाऊक नसावं. ते गॅरेजवाल्याने ठेवावं. शाळेतल्या पोरांनाही जमेल असा हा प्रयोग आहे, आणि खोडद हे आपलंच गाव आहे. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या लावून शास्त्रज्ञ आकाशातले क्षीण रेडिओ तरंग मोजतात. त्या तालुक्यात आपल्याला टाकीतलं पेट्रोल मोजता येऊ नये?

आणखी एक साधा प्रश्न विचारा. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांना हे सुचलं नसेल का? आपल्या देशात २०१७ पासून कारसाठी इंधनखर्चाचे नियम लागू आहेत आणि २०२२ पासून ते आणखी कडक झाले. कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी बघितली जाते. हो, इथेही सरासरीच! ती मर्यादेत बसवण्यासाठी कंपन्या पत्रा हलका करतात, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय देतात, टायर बदलतात, एकेका टक्क्यासाठी वर्षानुवर्षं डोकं लावतात. हजार-दोन हजारांच्या फिल्टरने पंधरा टक्के वाढत असते तर तो कारखान्यातूनच आला असता आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापला असता. ज्या आकड्यांवर या जाहिराती चालतात त्यांच्या चाचण्या जिथे होतात त्यांतली एक संस्था, एआरएआय, १९६६ पासून पुण्यातच आहे. तिथे गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेगाच्या तक्त्यानुसार चालवून मोजतात. तीनने वाढेल असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला तसा अहवाल मागा. व्हिडिओ दाखवेल.

फिल्टरचे भाऊबंदही बरेच आहेत. पाइपमध्ये बसवायचा पंखा, पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक, लाइटरच्या सॉकेटमध्ये लुकलुकणारी डबी. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरहून अधिक उपकरणं तपासली किंवा त्यांच्या दाव्यांची छाननी केली, आणि नाव घेण्याजोगी बचत करणारं काही हाती लागलं नाही. आपल्याकडे १९९६ मध्ये तामिळनाडूतल्या रामर पिल्लई यांनी झाडपाल्यापासून पेट्रोल बनवल्याचा दावा केला तेव्हा देशभर केवढी धूम झाली होती. पुढे सीबीआयने खटला भरला आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली. पेट्रोल महाग आहे तोवर अशी दुकानं चालणार.

खरं तर गाडीचं पेट्रोल खाणारी हवा वेगळीच आहे. ती फिल्टरमधली नाही, समोरून येणारी. वेग दुप्पट केला की तिचा विरोध चौपट होतो. पीसीआरए ही सरकारी इंधनबचत संस्था कधीपासून सांगते आहे की ताशी ८० च्या जागी ४५ ते ५५ च्या वेगाने चालवलं तर ४० टक्क्यांपर्यंत जास्त अंतर जाता येतं. बायपास झाल्यापासून नाशिक हायवेवर ८० म्हणजे रांगणं समजतात, तिथे ५५ ने कोणी जाणार नाही, मान्य. पण १०० च्या जागी ७५ वर आलात तरी फिल्टरवाल्याने कबूल केलेलं बरंचसं फुकटात मिळेल. छतावरचं रिकामं कॅरियर यात्रा संपली तरी वर्षभर तसंच असतं, ते उतरवा. टायरमध्ये हवा किती हे दर पंधरा दिवसांनी बघा. आणि लेण्याद्रीच्या पायथ्याला यात्रेकरू वर गेलेले असताना एसी लावून गाडीत झोपणं! तासाला अर्धा ते एक लिटर जातं त्यात. दोन तास झोपलं तर वीस-तीस किलोमीटर तिथेच संपले.

आता गॅरेजवाल्यांविषयी, कारण हा लेख खरा त्यांच्यासाठी आहे. आपल्या समाजातली कितीतरी मुलं या धंद्यात आहेत. मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आहे हे सच्चर समितीने २००६ मध्ये आकड्यांनी मांडलं. आपण ते जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या रस्त्यांवर रोज बघतो. दहावीनंतर शाळा सुटते आणि हातात पाना येतो. माझेही काही विद्यार्थी आहेत. नापतोलात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात एक अख्खी सूरह आहे आणि जुम्म्याच्या बयानात ती किराणा दुकानदाराला आणि कापडवाल्याला ऐकवली जाते. मिस्त्रीचं माप कोणतं, यावर मी तरी आजवर बयान ऐकलेलं नाही.

एका जुन्या विद्यार्थ्याचं मंचरच्या बाजूला छोटं गॅरेज आहे. बाहेर बोर्ड आहे, त्यावर इतर कामांखाली लिहिलंय, ‘अ‍ॅव्हरेज वाढवून मिळेल.’ त्याला मी वरचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, ‘सर, गिऱ्हाईक खुद मोबाइलपे दिखाता है, येच डालो बोलता है. मैं नै बोला तो वो चाकण जाके डलवाएगा. मेरी मजुरी गयी ना.’

त्याचं म्हणणं हलकं नाही. पाचशे-सातशे रुपये मजुरी म्हणजे त्याच्या घरचा दिवस. नाही म्हणण्याची चैन माझ्यासारख्या पगारदाराला परवडते. म्हणून मी त्याला ‘बसवू नकोस’ असं म्हटलं नाही. बसवण्याआधी गिऱ्हाइकाला तीन वाक्यं सांग, म्हटलं: आवाज बदलेल, रेस पूर्ण दाबली तर पिकअप कदाचित थोडा वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढणार नाही. एवढं ऐकूनही त्याला हवाच असेल तर बसव. कंपनीचा डबा कापू नकोस, पुसून त्याच्या डिक्कीत ठेव, म्हणजे पावसाळ्याआधी परत लावता येईल. वॉरंटीतली गाडी असेल तर तेही आधीच सांग, कारण या बदलामुळे काही बिघडलं तर कंपनी हात वर करेल. आणि टुरिस्ट गाडीवाला असेल तर त्याला दुसरं काम सुचव: नवा कागदी फिल्टर, प्लग, टायरची हवा, व्हील अलाइनमेंट, ब्रेक चिकटतोय का ते बघणं. चाक हाताने मोकळं फिरतंय की नाही हे तपासायला तुझ्याइतका चांगला हात या रस्त्यावर दुसरा नाही. याची मजुरी लाव, चांगली लाव, बिलावर लिहून दे.

मजुरी लावायला तो तयार झाला. ब्रेकचं त्याला पटलंच, कारण अर्ध्या गाड्यांचे मागचे ब्रेक चिकटलेले असतात असं तो स्वतःच म्हणाला. बोर्डाबद्दल मात्र हसला. मागच्या आठवड्यात तिथून गेलो तेव्हा ती ओळ अजून तशीच होती. खाली नव्या रंगात एक ओळ वाढवली होती: ‘ब्रेक व हवा चेक करून मिळेल.’